दोघांची खोली



जून महिना जवळ आला की माझ्याकडे येणाऱ्या तरुणांची संख्या वाढते. कुणाला मुंबईत नोकरी लागलेली असते, कुणाला कॉलेजात प्रवेश मिळणार असतो. सर्वांचा प्रश्न एकच: "फादर, तिकडे कुणी ओळखीचं आहे का? खोली बघायची आहे." आसनगाव ते मुंबई सीएसएमटी हे रेल्वेने सुमारे ८६ किलोमीटर अंतर. मुरबाडकरांना तर आधी एसटीने कल्याण गाठावे लागते, मग लोकल. रोज जाऊन-येऊन नोकरी करणारे आपल्यात आहेत. पण पहाटे चारला उठायचे आणि रात्री दहाला घरी यायचे, हे किती वर्षे निभणार? म्हणून खोली.

गेल्या वर्षी असाच एक मुलगा मिस्सानंतर थांबला. त्याला कांजूरमार्गला नोकरी लागली होती, शाळेपासूनच्या त्याच्या मित्राला विक्रोळीला. दोघांनी मिळून जागा घ्यायची आणि भाडे निम्मे-निम्मे भरायचे असे ठरले होते. मी मुलुंडच्या एका ओळखीच्या गृहस्थांना फोन केला. गृहस्थ आपल्यातलेच, नेमाने चर्चला जाणारे. त्यांचा एक फ्लॅट रिकामा होता. "फादर, तुम्ही पाठवताय म्हणजे प्रश्नच नाही. डिपॉझिटही कमी घेईन," असे ते म्हणाले.

दोघे जागा बघायला गेले. घरमालकांनी मित्राचे आडनाव विचारले, गाव विचारले, मग गावातली वाडी विचारली. मित्र बौद्धवाडीतला. संध्याकाळी मला फोन आला: "तुमच्या मुलाला केव्हाही येऊ दे. दुसऱ्याचं मात्र जमणार नाही. माझं काही नाही हो फादर, पण सोसायटीतले लोक बोलतात."

मुलगा विचारायला आला, "आता काय करू?" मी म्हणालो, "तू आधी जाऊन राहा. मित्राचं नंतर बघू." तो काही बोलला नाही. आठ दिवसांनी कळले की त्याने ती जागा नाकारली आणि दोघांनी भांडुपच्या टेकडीवर एका चाळीत खोली घेतली.

त्या दोघांना विचारूनच मी हे लिहितो आहे. माझा सल्ला चुकला होता का, हा प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाही.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही संत थॉमस अक्वायनस यांचे विवेकावरचे विवेचन अभ्यासले होते. विवेकाच्या तीन पायऱ्या ते सांगतात: आधी नीट विचारविनिमय, मग निर्णय आणि शेवटी तो निर्णय अमलात आणणे. खोली निवडताना आपण हेच करतो. भाडे पगाराच्या किती हिश्श्यात बसते? कामावर जायला किती वेळ लागतो? पाणी किती वाजता येते? रात्री उशिरा परतणाऱ्या मुलीला रस्ता सुरक्षित आहे का? जवळ चर्च आहे का? हे सगळे प्रश्न योग्यच आहेत. ते न विचारणे हा भाबडेपणा होईल.

'आपली माणसे' जवळ असावीत, हे वाटणेही गैर नाही. गोव्याहून मुंबईला आलेल्या खलाशांनी आणि कामगारांनी धोबी तलावाच्या परिसरात गावोगावचे 'कूड' उभे केले. कमी पैशांत झोपायला जागा, ट्रंक ठेवायला कोपरा आणि संध्याकाळी एकत्र रोझरी. गिरणगावात कोकणातल्या एकेका गावाच्या खोल्या होत्या. पाळीप्रमाणे माणसे तिथे झोपत. नवख्या माणसाला या जागांनी सांभाळले. सहकारी गृहनिर्माण संस्थाही अशाच उभ्या राहिल्या. गावदेवीची सारस्वत मंडळींची संस्था १९१५ ची आहे आणि वांद्र्यात आपल्या कॅथलिकांनीही तेच केले. पुढे २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या खटल्यात, सभासदत्व आपल्याच समाजापुरते ठेवण्याचा तिचा नियम सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला.

पण जी भिंत आतल्याला आधार देते, तीच बाहेरच्याला अडवते. अडवलेल्या माणसाचे काय होते, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. १९१७ साली ते बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला गेले. अमेरिका आणि लंडन येथे शिकून आलेला हा माणूस. पण शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. एका पारशी विश्रामगृहात ते पारशी नाव घेऊन राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडायला सांगून गेले. मग बाबासाहेबांनी दोन मित्रांकडे विचारणा केली, एक हिंदू आणि दुसरा ख्रिस्ती. हिंदू मित्र म्हणाला, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्र म्हणाला, माझी पत्नी उद्या येते आहे, तिला विचारावे लागेल. ते जोडपे मूळचे ब्राह्मण कुटुंबांतले. बाबासाहेबांना पुढे उमगले की ते उत्तर म्हणजे सभ्य भाषेतला नकारच होता. रात्रीच्या मुंबईच्या गाडीची वाट बघत त्यांनी कामाठी बागेत वेळ काढला.

हे मी पूर्वी वाचले होते. पण त्या फोननंतर पुन्हा वाचले तेव्हा त्या ख्रिस्ती मित्रापाशी येऊन थांबलो. त्याने काठी उचलली नाही, अपशब्द काढला नाही. पत्नीला विचारायला हवे, एवढेच म्हणाला. मुलुंडचे गृहस्थ म्हणाले, सोसायटीतले लोक बोलतात. आणि मी म्हणालो, मित्राचं नंतर बघू. तिघांनीही कुणा दुसऱ्याकडे किंवा दुसऱ्या दिवसाकडे बोट दाखवले.

माझ्या बाजूने एक युक्तिवाद करता येईल. मुलाने जागा नाकारली म्हणून मित्राला ती मिळाली का? नाही. मग त्या त्यागाचा उपयोग काय? मीही तेव्हा असाच हिशेब केला होता. पण त्या हिशेबात मी एक आकडा धरलाच नव्हता. भाडे दोघांत वाटले जाणार होते. एक जण मुलुंडला गेला असता, तर दुसऱ्याला पूर्ण भाडे एकट्याने भरावे लागले असते, आणि तेच आडनाव घेऊन एकट्याने दारोदार फिरावे लागले असते. म्हणजे मुलाने केले तो नुसता निषेध नव्हता. मित्राचे निम्मे भाडे आणि सोबत त्याने राखली. शिवाय डिपॉझिटमध्ये मिळणारी सवलत ही मित्राला वगळण्याच्या अटीवरच होती. ती घेणे म्हणजे त्या अटीवर सही करणे होते, हे त्याला माझ्याआधी समजले.

मग प्रत्येकाने असेच करावे का? मी तसे म्हणणार नाही. नर्सिंग शिकायला एकटी जाणारी मुलगी, लहान मूल घेऊन जाणारी आई, यांनी आधी सुरक्षित दार बघावे. त्यांच्यावर हे ओझे टाकण्याचा मला अधिकार नाही. जबाबदारी आधी त्याची, ज्याच्या हातात किल्ली आहे. आणि त्याच्यानंतर माझ्यासारख्याची, ज्याच्या एका फोनवर दार उघडते.

किल्ली आपल्यापैकीही काहींच्या हातात आहे. कल्याणला, बदलापूरला, इथेच आसनगावला आपल्या काही कुटुंबांनी फ्लॅट घेऊन भाड्याने दिले आहेत. भाडेकरूची चौकशी जरूर करा. तो काम काय करतो, आधी कुठे राहत होता, भाडे वेळेवर देईल का, हे विचारणे तुमचा हक्क आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणी केलेला असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. अकरा महिन्यांचा करार असला तरी ती टाळू नका. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्या. डिपॉझिटची पावती द्या, आणि भाडेकरू असाल तर ती मागून घ्या. एवढे झाल्यावर वाडी विचारायचे कारण उरत नाही.

आपल्या तालुक्यातल्या तानसा आणि भातसा धरणांचे पाणी मुंबईला जाते. इथे उन्हाळ्यात आपल्याच पाड्यांवर टँकर येतात, हे दुःख तुम्हाला ठाऊक आहे. मुलुंडच्या त्या सोसायटीतले लोक आपल्याकडचे पाणी पितात. ते कुणाच्या वाडीवरून आले, हे कुणी विचारत नाही.

दिवाळीआधी मी भांडुपला त्या खोलीवर जाऊन आलो. चढण बरीच आहे. पाणी पहाटे येते, म्हणून एक जण भरतो आणि दुसरा डबे करतो. खोलीची मालकीण कोकणातली एक वृद्ध बाई. तिने म्हणे दोनच गोष्टी विचारल्या होत्या: भाडे कितव्या तारखेला देणार आणि रात्री मोठ्याने रेडिओ लावता का? मी त्या मित्राची क्षमा मागितली. तो संकोचला आणि म्हणाला, "जाऊ द्या फादर, चहा घ्या." विषय त्याने बदलला, मला मात्र तो तिथेच सोडून देता येत नाही.

म्हणून यापुढे कुणा तरुणाला खोलीसाठी माझी चिठ्ठी हवी असेल, तर त्याच्यासोबत राहणाऱ्याचेही नाव मी तिच्यात लिहीन, मग तो कोणत्याही धर्माचा वा वाडीचा असो. आणि "फादर, आपल्यातलाच कुणी द्या" असा फोन आला, तर त्या गृहस्थांना आधी ही गोष्ट सांगीन. मुलुंडच्या गृहस्थांशीही मी बोललो आहे. त्यांनी विचार करतो म्हटले आहे. मी त्यांना पुन्हा फोन करणार आहे.

तुमचा,
फादर