धावणाऱ्याचे जडत्व

‘इनर्शिया’ हा इंग्रजी शब्द आपण निष्क्रियता या अर्थी सहज वापरतो. त्याचे मूळ लॅटिन आहे. ज्याच्या अंगी कला वा कौशल्य नाही तो ‘इनर्स’. त्यावरून आळशी, निरुद्योगी असा अर्थ रूढ झाला. सतराव्या शतकात केप्लरने हा शब्द पदार्थविज्ञानात आणला. जड वस्तू गतीला जो विरोध करते, त्याला त्याने हे नाव दिले. न्यूटनने १६८७ साली ‘प्रिन्सिपिया’ या ग्रंथात त्याची व्याप्ती वाढविली. बाहेरून बल लागले नाही, तर थांबलेली वस्तू थांबूनच राहते. तशीच चालती वस्तू त्याच वेगाने, सरळ रेषेत चालत राहते. बस एकाएकी थांबली की प्रवासी पुढे झुकतो, तो या दुसऱ्या जडत्वापायी.

नीतीच्या प्रांतात आपण मात्र अद्याप केप्लरपाशीच आहोत. खाटेवर लोळणाऱ्या मुलाला आपण आळशी म्हणतो. दिवसभर राबणाऱ्या बापाला तसे कोणी म्हणत नाही. परंतु केवळ काल होता म्हणून भावाशी धरलेला अबोला तो आजही चालवीत असेल, रोझरीचे मणी बोटांतून सरकत असता मन दुसरीकडेच असेल, तर त्याच्या धावपळीला काय म्हणावे?

वस्तूला आपली दिशा स्वतः बदलता येत नाही. माणसाला ते सामर्थ्य परमेश्वराने दिले आहे. ते न वापरता आयुष्यभर धावत राहणे, हाही आळसच. भावाच्या उंबऱ्यापर्यंतची चार पावले त्या साऱ्या धावण्याहून अधिक कष्टाची असतात.