दान आणि अट

दिलेल्या दानावर दात्याने अट घालावी काय? क्षिप्रेच्या घाटावर कोणीही स्नान करावे, हे आम्ही उज्जैनकर मराठी मंडळी पिढ्यानपिढ्या मानत आलो. परंतु कोणी घाटाभोवती भिंत घालून कुलूप लावू लागला, तर ते आम्ही सोसू काय? ओपन सोर्स संगणकप्रणालीचा परवाना निवडताना कर्त्यापुढे हाच प्रश्न असतो. परवाना न लिहिणे हे औदार्य नव्हे; १९५७च्या कॉपीराइट कायद्याने मग सारे हक्क कर्त्यापाशीच राहतात. एमआयटी परवाना घेणाऱ्याला जवळजवळ मोकळे सोडतो; जीपीएल मात्र सुधारित प्रत वाटणाऱ्याला तिचा मूळ संकेतही त्याच अटींवर देण्यास बांधतो.

‘लोहित’ हा देवनागरी फाँट आधी जीपीएलखाली होता. असा फाँट दस्तऐवजात अंतर्भूत केल्यास दस्तऐवजही अटीत अडकेल काय, अशी शंका निघू शकते. २०११ साली लोहितने ओपन फाँट लायसन्स स्वीकारले. त्यानुसार फाँटचे सुधारित रूप वाटल्यास ते मुक्तच राहते. त्यात लिहिलेले पत्र मात्र लिहिणाऱ्याचे. ही सीमा आम्हांस न्याय्य वाटते. अट घालावीच लागली, तर ती दात्याच्या मोठेपणासाठी नव्हे, उद्या घाटावर येणाऱ्यासाठी असावी.