पुढच्याच्या लाटेवर

लांब पल्ल्याची कयाक शर्यत समजून घ्यायची असेल तर सर्वांत पुढच्या होडीकडे बघून भागत नाही. बघायचं ते तिच्या जरा मागे, डाव्या-उजव्या अंगाला. तिथे दोन होड्या इतक्या जवळून चाललेल्या असतात की वल्ही एकमेकांवर आपटतील असं वाटावं. त्या दोघींच्या मधल्या खाचेत चौथी होडी असते. वरून पाहिलं तर पाण्यावर शंकरपाळ्याचा आकार दिसतो. पुढचा घामाघूम झालेला असतो आणि चौथ्याचा श्वास बऱ्यापैकी शांत चाललेला असतो, तरीही चौघांचा वेग एकच.

याला खेळाडू ‘वॉश घेणं’ म्हणतात. होडी पाणी कापत निघाली की तिच्या दोन्ही बाजूंना आणि मागे लाटा उठतात. मागच्याने आपल्या होडीचं टोक त्या लाटेच्या पुढच्या उतारावर नेमकं बसवलं, की त्याची होडी सतत थोडी उतरणीला लागल्यासारखी चालते. वल्हवावं लागतंच, पण कमी. ही जागा वीतभर चुकली तरी लाट हातची जाते, होडी मागे पडते आणि मग एकट्याने पाण्याशी झुंजत राहावं लागतं. म्हणून वॉशवर टिकणं हे आळशाचं काम नव्हे. ते वर्षानुवर्षं घोटून मिळवलेलं कसब आहे.

या खेळाची जागतिक मॅरेथॉन अजिंक्यपद स्पर्धा 1988 मध्ये इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमला सुरू झाली. आधी ती एक वर्षाआड व्हायची, 1990च्या दशकाच्या अखेरीपासून दरवर्षी होऊ लागली. एकट्याच्या कयाकला ‘के-वन’ म्हणतात आणि दोघांच्या कयाकला ‘के-टू’. कनू या दुसऱ्या प्रकारच्या होडीत मात्र एक गुडघा टेकून एकाच बाजूने वल्हवायचं असतं. पुरुषांची के-वन शर्यत तीस किलोमीटरच्या आसपास असते आणि ती सुमारे दोन तास चालते. ऑलिम्पिकमध्ये 1936 ते 1956 या काळात दहा हजार मीटरची शर्यत होती, नंतर ती गेली. उरल्या त्या आखलेल्या पट्ट्यांतल्या छोट्या शर्यती. तिथे प्रत्येकाने आपल्या पट्ट्यातच राहायचं, दुसऱ्याच्या लाटेचा फायदा उठवणं नियमाबाहेर. लांब पल्ल्यात मात्र शर्यतीतल्या प्रतिस्पर्ध्याच्या लाटेवर बसायला पूर्ण मोकळीक. बंदी आहे ती शर्यतीबाहेरच्या होडीचा आधार घ्यायला.

एकाच खेळाच्या या दोन शाखांनी ‘स्वतःच्या बळावर’ या शब्दांचे दोन वेगळे अर्थ लावलेले आहेत. पट्ट्यांची शर्यत म्हणते, माणूस एकटा मोजा. लांब पल्ल्याची शर्यत म्हणते, एकटा माणूस मोजताच येत नाही. दुसरं म्हणणं अधिक खरं वाटतं. पण ते मान्य केलं की एक अवघड प्रश्न दारात येऊन उभा राहतो. दीड तास ज्याच्या लाटेवर आपण तरलो, त्याला शेवटच्या पाचशे मीटरमध्ये मागे टाकून जायचं, याला काय म्हणायचं? कृतघ्नपणा? की त्या ऋणाची फेड अशीच असते?

आपल्याकडे या प्रश्नाची सर्वांत वेदनादायक कथा एकलव्याची आहे. निषादराजाचा मुलगा म्हणून द्रोणांनी त्याला शिकवायचं नाकारलं. त्याने मातीची मूर्ती केली आणि तिच्यासमोर विद्या साधली. कुत्र्याच्या तोंडात सात बाण मारून ते बंद करण्याइतकी साधली. नावाडी भाषेत सांगायचं तर त्याने लांबून वॉश घेतला. इथे पाण्याचा नियम फार बोलका आहे. मागचा लाटेवर बसला म्हणून पुढच्याला जास्त वल्हवावं लागत नाही. लाट उठलेलीच असते आणि कोणी घेतली नाही तर ती काठावर जाऊन विरते. द्रोणांचंही काही कमी झालं नव्हतं. तरी त्यांनी उजव्या हाताचा अंगठा मागितला, कारण अर्जुनाच्या बरोबरीचा दुसरा कोणी नसेल असा शब्द ते देऊन बसले होते. ज्याची किंमत देणाऱ्याला पडलीच नाही, त्याची इतकी जबर वसुली! महाभारतकाराने ही कथा लपवली नाही, आणि ती वाचून आजवर कुणाला सुख झालेलं नाही.

म्हणजे घेणाऱ्यावर ऋण नसतंच का? असतं. पण ते हिशेबाच्या वहीतलं नसतं. लांब पल्ल्याच्या शर्यतीत एक अलिखित रिवाज आहे. पुढचा दमला की तो जरा बाजूला सरकतो, आता दुसऱ्याने पुढे यावं म्हणून. जो येतो त्याला मान मिळतो. सगळ्यांची लाट वापरून एकदाही पुढे न येणारा नियमात राहूनही जिंकू शकतो. पंच त्याला काही म्हणू शकत नाहीत, पण सोबत वल्हवणारे ते विसरत नाहीत. इथे परतफेड ज्याच्याकडून घेतलं त्यालाच करायची नसते, मागे जो कोणी असेल त्याच्यासाठी लाट उठवायची असते. प्राचीन परंपरेने ऋषिऋणाची फेड अध्ययन-अध्यापनाने होते असं मानलं, त्यामागचा विचार हाच. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस ज्ञानदेव आदिनाथांपासून मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती अशी परंपरा सांगतात. ती रांगही अशीच एकामागच्या लाटेवर दुसरा अशी चाललेली दिसते.

पण सोडून जाण्याचा प्रश्न अजून उरतोच. त्यासाठी या खेळाच्या दुसऱ्या वैशिष्ट्याकडे वळायला हवं. शर्यतीच्या प्रत्येक फेरीत बहुधा एक ‘पोर्टेज’ असतो. काठाशी येऊन होडीतून उडी मारायची, पाच मीटर वीस सेंटिमीटर लांबीची, कमीत कमी आठ किलोची ती कयाक उचलायची, जमिनीवरून शे-दोनशे मीटर धावत न्यायची आणि पुन्हा पाण्यात टाकून बसायचं. धावता धावता कुणी पाणी पितो, कुणी नवी बाटली घेतो. जी होडी माणसाला वाहत होती तिला आता माणूस वाहतो.

हे दृश्य पाहताना मज्झिमनिकायातलं अलगद्दूपमसुत्त आठवल्याशिवाय राहत नाही. बुद्धाने त्यात तराफ्याचा दृष्टान्त दिला आहे. एक माणूस भीतीच्या काठावरून निर्भय काठावर जाण्यासाठी गवत, काटक्या, फांद्या बांधून तराफा करतो आणि हातापायांनी वल्हवत पलीकडे पोचतो. आता त्याने काय करावं? तराफ्याचे उपकार फार झाले म्हणून तो डोक्यावर घेऊन चालू लागावं? भिक्षू नाही म्हणतात. तराफा काठावर ठेवावा किंवा पाण्यात सोडून द्यावा आणि आपल्या वाटेने जावं, हे योग्य. धम्मदेखील पार जाण्यासाठी आहे, धरून बसण्यासाठी नाही, असा त्याचा रोख.

हा दृष्टान्त सांगताना सहसा एक बारकावा निसटतो. सुत्तातला माणूस तराफा डोक्यावर घेण्याचा विचार करतो तेव्हा आधी त्याच्या मनात येतं, की हा तराफा आपल्या फार उपयोगी पडला. आणि तो ठेवून जाण्याचा विचार करतो तेव्हाही आधी नेमकं हेच मनात येतं. आठवण दोन्हीकडे सारखीच. फरक एवढाच, की एकाने तिचं ओझं केलं आणि दुसऱ्याने नाही. सोडणारा माणूस विसरणारा नाही. उपकार मान्य करूनच तो हात मोकळे करतो.

बुद्धाच्या स्वतःच्या आयुष्यात हे घडलेलं आहे. आळार कालाम आणि उद्दक रामपुत्त या दोन गुरूंकडे तो शिकला. त्यांना येत होतं तेवढं त्याने आत्मसात केलं. दोघांनीही त्याला मानाची जागा देऊ केली, आळाराने तर आपल्या बरोबरीने संघ चालव म्हटलं. ते पुरेसं नाही हे ओळखून तो दोघांनाही सोडून गेला. वरवर पाहता शेवटच्या टप्प्यात लाट सोडून निघालेला स्पर्धकच. पण संबोधी झाल्यावर हे पहिल्यांदा कुणाला सांगावं असा विचार आला, तेव्हा आधी आळार आठवला. तो सात दिवसांपूर्वीच गेल्याचं कळलं. मग उद्दक आठवला, तर तो आदल्याच रात्री गेलेला. त्यानंतर बुद्ध निघाला वाराणसीजवळच्या इसिपतनाला, त्या पाच सोबत्यांकडे, जे त्याची खडतर तपश्चर्या सुटलेली पाहून त्याला सोडून गेले होते. सोडलेले गुरू आणि सोडून गेलेले सोबती, दोन्ही नाती त्या एका प्रवासात आहेत.

कयाकवाल्याची गोष्ट मात्र एका ठिकाणी वेगळी पडते. त्याला होडी उचलून धावावंच लागतं, कारण त्याची नदी संपलेली नाही. तराफ्याच्या दृष्टान्ताचा उपयोग पलीकडे पोचलेल्याला. वाटेत असणाऱ्याने तराफा टाकून दिला तर ती विरक्ती नव्हे, अविचार आहे. गुरू, ग्रंथ, व्रत, संप्रदाय यांची गरज सरली असं फार लवकर ठरवणारी माणसं बहुधा पोर्टेजलाच पैलतीर समजतात. पायाखाली जमीन लागली एवढ्यावरून पोचलो असं ठरत नाही. ते ठरवायचं कसं, याला पंच नाही, आणि साधनेचा सगळा अवघडपणा तिथे आहे.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करणं, नाना चेष्टा आणि पाचवं दैव. भाष्यकारांनी अधिष्ठान म्हणजे शरीर असा अर्थ केला. शर्यतीच्या काठावर उभं राहून ही यादी वाचली तर वल्हवणारा त्यात पाचातला एक ठरतो, एकमेव नव्हे. केवळ आपल्यालाच कर्ता समजणाऱ्याला नीट दिसत नाही, असं पुढे तिथेच म्हटलं आहे. पुढच्याला मागे टाकण्यात अपराध नाही. तोही त्याच शर्यतीसाठी आलेला असतो, आणि मागच्याने दया म्हणून हात आखडता घेतला तर तो त्याचा अपमान ठरेल. अपराध होतो तो नंतर, किनाऱ्यावर, ‘मी एकट्याने केलं’ म्हणताना.

2017 साली कयाकची ही जागतिक मॅरेथॉन स्पर्धा दक्षिण आफ्रिकेतल्या पीटरमॅरित्झबर्ग शहरात झाली, उम्सुंदुझी नदीवर. 1893 साली गांधीजींना ज्या स्टेशनावर आगगाडीतून उतरवलं, ते याच शहरातलं. इथूनच डर्बनपर्यंत सुमारे 120 किलोमीटरची ‘डुझी’ शर्यत निघते. ती सुरू केली पुढे वनरक्षक झालेल्या इयन प्लेअरने. डिसेंबर 1951 मध्ये आठ जण निघाले, पोचला एकटा प्लेअर. वाटेत त्याला साप चावला होता आणि सहा दिवस, आठ तास, पंधरा मिनिटं लागली. एकट्याने केलं म्हणायचा हक्क कुणाला असेलच तर त्याला. पुढे पांढऱ्या गेंड्यांना वाचवण्याच्या कामामुळे जगाने त्याला ओळखलं. पण तो आयुष्यभर आपला गुरू म्हणून नाव घेत राहिला ते मागकुबु न्तोम्बेला या झुलू वाटाड्याचं. न्तोम्बेलाला लिहितावाचता येत नव्हतं, आणि देशात कायदा वर्णभेदाचा होता. गोरा अधिकारी ज्याच्या पावलावर पाऊल टाकून जंगल शिकला, त्याला त्या काळात त्या नदीवरच्या शर्यतीत बरोबरीने उतरणं शक्य नव्हतं. प्लेअरने त्याच्यावर पुस्तक लिहिलं.

डुझी एका वर्षी एकट्याच्या कयाकची असते, दुसऱ्या वर्षी दोघांच्या. 2014 हे दोघांचं वर्ष होतं. अँडी बर्केट आणि स्बोनेलो झोंडी यांनी ती जिंकली. झोंडी कृष्णवर्णीय. प्लेअर तेव्हा हयात होता, त्याच वर्षी नोव्हेंबरअखेर तो गेला. तीन दिवस त्या दोघांनी एकच होडी वल्हवली आणि टेकड्या आल्या तिथे ती दोन खांद्यांवर घेऊन धावले, एक खांदा पुढे आणि एक मागे.