सही कुणी करायची?

लष्करी सामानाची तपासणी करणारी भाची आणि पायदळातून निवृत्त झालेले सुभेदार मामा.

भाची : मामा, समजा नवी रायफल सगळ्या चाचण्यांत उतरली, फक्त कडाक्याच्या थंडीत मॅगझिनचा भरवसा नाही. पास करायची?

मामा : मुळीच नाही. कारगिल आठव. १९९९ साली इन्सास रायफलीच्या प्लॅस्टिक मॅगझिनला थंडीत तडे गेल्याच्या तक्रारी आल्याच ना? आरेखन आपल्याच पुण्यातलं, पाषाणच्या एआरडीई या शस्त्रसंशोधन संस्थेचं.

भाची : आणि अडवली असती तर? जवानाकडे जुनी, जड गोळ्यांची एसएलआर रायफलच राहिली असती. इन्सासच्या ५.५६ मिमीच्या गोळ्या तेवढ्याच वजनात जवळपास दुप्पट नेता येतात.

मामा : म्हणून काय झालं? नीट होईपर्यंत थांबायचं.

भाची : थांबूनही पाहिलं की. २०११ साली इन्सासच्या जागी निविदा निघाली, ६६,००० नव्या रायफलींची. अट अशी, की बॅरल बदलली की त्याच रायफलीतून ५.५६ चीही गोळी सुटावी आणि ७.६२ चीही. २०१५ मध्ये सगळंच रद्द. अमेरिकेतल्या सिग कंपनीकडून ७२,४०० रायफली घेण्याचा करार व्हायला २०१९ उजाडलं. तोवर बहुतेकांच्या खांद्यावर इन्सासच.

मामा : म्हणजे अडवणाऱ्यानंही जवानाचं नुकसान केलंच.

भाची : पण त्याला जाब कोण विचारतो? पास केलेल्या रायफलीखाली एकाची सही असते. रखडलेल्या फाइलीवर दहा जणांचे शेरे असतात, आणि प्रत्येक शेरा आपापल्या जागी बरोबर असतो.

(माझ्या मते दुखणं इथेच आहे. ‘नाही’ म्हणणाऱ्यालाही हिशेब द्यावा लागला, तर अटींची यादी इतकी फुगणार नाही.)

मामा : मग दोषासकट देणार?

भाची : आधी मोजक्या पलटणींना. त्यातली एक बर्फातली. दोष लेखी कळवून, सुधारणेची तारीख घालून.

मामा : त्या बर्फातल्या पोरांनी काय घोडं मारलंय?

भाची : ...याला माझ्याकडे चोख उत्तर नाही. पण बर्फात वापरल्याशिवाय दोष पुरता कळतही नाही.

मामा : निदान जुनी हत्यारं लगेच काढून घेऊ नका.

भाची : दोन कॅलिबरच्या गोळ्या वर पोचवायच्या म्हणजे पुरवठावाले ओरडतील.

मामा : ओरडू देत. आणि पहिल्या हिवाळ्यात सही करणारानं त्या चौकीवर राहायचं, हेही कागदात घाल.

भाची : घालते. म्हणजे मलाच जावं लागेल.