खाली बघून चाला!

जिना उतरताना पायरी चुकते, ताटातली आमटी अंगावर सांडते, आणि घरातलं कुणीतरी वैतागून म्हणतं, ‘अहो, जरा खाली बघून चाला ना!’ प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी, म्हणजेच पीएसपी झालेल्या माणसाला नेमकं तेवढंच जमत नसतं.

स्टील, रिचर्डसन आणि ओल्झेव्स्की या टोरांटोच्या डॉक्टरांनी १९६४ साली या आजाराचं सविस्तर वर्णन केलं. टाऊ नावाचं प्रथिन मेंदूच्या पेशींत साचत जातं. तोल जातो, तोही बहुधा मागच्या बाजूला आणि अगदी सुरुवातीपासून. नजर वर-खाली फिरेनाशी होते. गंमत नव्हे, पण विलक्षण आहे ते पुढचंच: रुग्णाला समोर एकटक बघायला सांगून डॉक्टर त्याची मान हलकेच मागे कलवतात, आणि बुबुळं आपोआप खाली सरकतात. म्हणजे स्नायू शाबूत आहेत, नसाही. वरून हुकूमच पोचत नाही.

पार्किन्सनसारखी दिसणारी ही व्याधी पार्किन्सनच्या गोळ्यांना फारशी दाद देत नाही. तिची चाल थोपवणारं औषध आजही नाही. मग नाव कळून उपयोग काय, असं पुष्कळजण विचारतात. मला वाटतं, उपयोग फार मोठा आहे, कारण नाव कळेपर्यंत माणसाच्या स्वभावावर ठपका बसत राहतो. ‘आर्थर’ चित्रपटात दारुड्या रंगवणारे नट डडली मूर खरोखरच पिऊन येतात, असं लोकांना वाटत होतं. १९९९ साली त्यांनी पीएसपी झाल्याचं जाहीर केलं; २००२ साली ते गेले.

आपल्या घरांतही तेच होतं. हजारदा बजावूनही बाबा आधाराशिवाय ताडकन उठतात, पडतात, आणि ‘हट्टी झालेत’ असं म्हटलं जातं. पण धोका ओळखून स्वतःला आवरणारा मेंदूचा पुढचा भागही या आजारात दुबळा होतो. तिथे बजावणं वाया जातं. उठायच्या वेळी शेजारी कुणी असणं उपयोगी पडतं. ताट उंच पाटावर ठेवलं की ते नजरेत येतं. पातळ पाणी श्वासनलिकेत जात असेल, तर ते किती दाट करायचं हे वाचा-उपचारतज्ज्ञ सांगतात. प्रश्न विचारला की थांबावं लागतं. उत्तर उशिरा येतं, पण बहुतेकदा नेमकं येतं.

निदानाचा कागद हातात देताना डॉक्टरांनी एवढं घरच्यांना समोर बसवून सांगायलाच हवं. एमआरआयइतकंच तेही त्यांचं काम आहे.