ढवळाढवळ कुणाच्या बाजूने?

२७ मार्च २०२१ रोजी म्यानमारच्या राजधानीत, नेप्यिडॉमध्ये, सैन्यदिनाचं संचलन झालं. लष्कराने सत्ता बळकावली त्याला तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. त्याच दिवशी देशभरात सैनिकांनी शंभराहून जास्त माणसं गोळ्या घालून मारली. त्यांत लहान मुलंही होती. संचलनाला आठ देशांचे प्रतिनिधी हजर होते. रशियाने आपला उपसंरक्षणमंत्री पाठवला होता. चीन, पाकिस्तान, बांगलादेश, व्हिएतनाम, लाओस आणि थायलंड यांच्या प्रतिनिधींबरोबर भारताचाही लष्करी प्रतिनिधी तिथे बसला होता.

तेव्हापासून म्यानमारचा विषय निघाला की आपल्याकडे एक उत्तर तयार असतं. परिसंवादात ते ऐकू येतं, वाहिन्यांवरच्या चर्चेत ऐकू येतं. एरवी पंचशीलाची टिंगल करणारेही नेमक्या या वेळी त्याच पंचशीलाचा आधार घेतात. ती त्यांची अंतर्गत बाब आहे, दुसऱ्याच्या घरात नाक न खुपसणं हे आपलं नेहरूंपासूनचं धोरण आहे, असं ते उत्तर. त्यातलं तत्त्व मला मान्य आहे, आणि म्हणूनच या उत्तराचा संताप येतो. छोट्या देशांनी मोठी किंमत मोजून कमावलेल्या तत्त्वाचा अर्धा भाग त्यात गुपचूप कापून टाकलेला असतो.

हे तत्त्व आशियाला का हवंसं वाटलं, हे समजून घ्यायला रत्नागिरीला जावं. ब्रह्मदेशचा, म्हणजे आजच्या म्यानमारचा, शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी तिथे आणून ठेवलं आणि तिथेच तो १९१६ साली वारला. १८८५ सालच्या त्या युद्धामागे लाकडाचा व्यवहार होता. मंडालेच्या दरबाराने बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनला सागवानाच्या तोडीवरून जबर दंड ठोठावला आणि इंग्रजांना निमित्त मिळालं. पण जगाला सांगितलं गेलं ते वेगळंच. थिबा जुलमी आहे, त्याने गादीसाठी भाऊबंदांची कत्तल केली, प्रजेला त्याच्या तावडीतून सोडवलं पाहिजे. कत्तल खरी होती. सोडवणूक मात्र अशी झाली की १ जानेवारी १८८६ रोजी अख्खा उत्तर ब्रह्मदेश साम्राज्याला जोडून टाकण्यात आला. अवध याच न्यायाने १८५६ साली गेलं होतं, कुशासनाचा ठपका ठेवून. ज्यांनी हे भोगलं, ते 'प्रजेच्या भल्यासाठी' येणाऱ्या फौजेवर पुन्हा विश्वास ठेवणार नाहीत, हे उघड आहे.

इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल या विषयात नेहमी उद्धृत होतो आणि नेहमी अर्धाच वाचला जातो. ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत पस्तीस वर्षं नोकरी केल्यावर १८५९ साली त्याने हस्तक्षेप न करण्याविषयी एक निबंध लिहिला. 'रानटी' लोकांना हा नियम लागू नाही, हे त्याचं म्हणणं साम्राज्याच्या नोकराला शोभेसंच होतं. ते फेकून द्यायलाच हवं. ज्यांना स्वातंत्र्य स्वतःच्या बळावर मिळवता येत नाही, त्यांना बाहेरून आणून दिलं तर ते टिकत नाही, हे त्याचं दुसरं म्हणणं सगळ्यांना पाठ असतं. तिसऱ्याचा उल्लेख क्वचितच होतो. १८४९ साली हंगेरीचं बंड मोडायला रशियाची फौज आली होती. मिल विचारतो, परकी फौज राजाच्या बाजूने आधीच उतरली असेल, तर नियम मोडला कुणी? अवधबद्दलही तो तेच म्हणतो. इंग्रजी फौजेच्या भरवशावर नवाबाला बंडाची भीतीच उरली नाही, म्हणून त्याच्या जुलमाचं पाप इंग्रजांच्या माथी येतं. यातून त्याने अवध गिळणं योग्य ठरवलं, तो त्याचा निष्कर्ष वाईट आहे. निदान मात्र अचूक आहे. मराठी वाचकाला ते वेगळं समजावून सांगायला नको. वसईच्या तहानंतर दुसऱ्या बाजीरावाला ज्या तैनाती फौजेने गादीवर बसवलं आणि टिकवलं, ती पुण्याची अंतर्गत बाब होती, असं कोण म्हणेल?

म्हणजे तत्त्वाला दोन बाजू आहेत. बाहेरच्याने लोकांच्या नावाने चालून जाऊ नये, आणि सत्ताधीशाच्या हातात लोकांना चिरडायची साधनंही देऊ नयेत. यातली एक बाजू पाळायची आणि दुसरी सोडायची, तर तो उघड पक्षपात होतो.

स्वतंत्र भारताला हे ठाऊक होतं. खरं तर स्वातंत्र्याच्या आधीच ठाऊक होतं. १९४६ साली दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी लोकांचा प्रश्न विजयालक्ष्मी पंडितांनी संयुक्त राष्ट्रांत नेला, तेव्हा ही आमची अंतर्गत बाब आहे असं म्हणणारे तिथले पंतप्रधान जनरल स्मट्स होते. भारताने ते झुगारलं आणि दोन तृतीयांश मतं मिळवली. त्याच वर्षी भारताने दक्षिण आफ्रिकेशी व्यापारही बंद केला. फौज पाठवली नाही, पण मालही पाठवला नाही. १९५० साली राणांविरुद्ध नेपाळ पेटलं, राजा त्रिभुवन भारतीय वकिलातीच्या आश्रयाला आला, आणि राणांनी गादीवर बसवलेल्या बालराजाला दिल्लीने मान्यता दिली नाही. हंगेरीच्या वेळी, १९५६ साली, नेहरूंचं पाऊल चुकलं. रशियन फौजा मागे घ्यायला सांगणाऱ्या एका ठरावाविरुद्ध भारताने मत दिलं. पण तेव्हा जयप्रकाश नारायणांनी नेहरूंना जाहीरपणे जाब विचारला. आपल्याच माणसाने हटकावं एवढी त्या तत्त्वाची आब होती. १९७१ च्या बांगलादेशबद्दल फार सांगायला नको. ढाक्यातले अमेरिकी वाणिज्यदूत आर्चर ब्लड आणि त्यांचे सहकारी यांनी एप्रिलमध्ये वॉशिंग्टनला पाठवलेल्या निषेधाच्या तारेत हेच दुखणं मांडलं होतं. सार्वभौम देशाची अंतर्गत बाब म्हणून अमेरिका हात झटकते, असं ते लिहीत होते. पाकिस्तानच्या याह्याखानाला अमेरिकी लष्करी माल मात्र त्यानंतरही पोचत राहिला.

आता ज्या वळणाचा सगळे चुकीचा अर्थ लावतात त्याकडे येतो.

सप्टेंबर १९८७ मध्ये ब्रह्मदेशचा लष्करशहा ने विन याने २५, ३५ आणि ७५ क्याटच्या नोटा रद्द केल्या, मोबदला न देता. विद्यार्थ्यांच्या फीचे आणि घरखर्चाचे पैसे एका दिवसात कागद झाले. पुढच्या मार्चमध्ये रंगूनमधल्या एका चहाच्या दुकानात मारामारी झाली, पोलीस आले, विद्यार्थी मेले, आणि ८ ऑगस्ट १९८८ रोजी सारा देश रस्त्यावर उतरला. १८ सप्टेंबरला लष्कराने नवं नाव घेऊन पुन्हा सत्ता हाती घेतली. साधारण तीन हजार माणसं मारली गेली असं मानलं जातं.

त्या वेळी राजीव गांधींचं सरकार निःसंदिग्धपणे लोकांच्या बाजूचं होतं. सीमा ओलांडून आलेल्या विद्यार्थ्यांसाठी मिझोराम आणि मणिपूरमध्ये छावण्या उघडल्या गेल्या. आकाशवाणीची ब्रह्मी सेवा लष्कराला झोंबेल असं बोलत होती, आणि तिथे काम करणाऱ्यांत ऊ नू यांची मुलगी होती. ऊ नू म्हणजे १९५४ साली चौ एन-लाय यांच्याबरोबर रंगूनमध्ये पंचशीलाचा जाहीर उच्चार करणारे पंतप्रधान. ने विनने त्यांना १९६२ साली पदच्युत केलं आणि पुढे काही वर्षं त्यांनी भोपाळमध्ये आश्रय घेतला. पंचशीलाच्या एका जनकाला आसरा देताना पंचशील मोडतं, असं तेव्हा कुणाला वाटलं नाही. मुंबईचे कामगारपुढारी जॉर्ज फर्नांडिस यांनी तर दिल्लीतलं आपलं सरकारी निवासस्थानच ब्रह्मी कार्यकर्त्यांना खुलं केलं होतं.

मग १९९३ आलं. ईशान्येतले बंडखोर पलीकडच्या जंगलात तळ ठोकून होते, चीन लष्करशहांना शस्त्रं देत होता आणि नरसिंह रावांना पूर्वेकडे बाजार हवे होते. मार्चमध्ये परराष्ट्र सचिव जे. एन. दीक्षित यांगूनला गेले. पुढच्या जानेवारीत सीमाव्यापाराचा करार झाला. ही कारणं खोटी नव्हती आणि त्यांवर वादही नाही.

वाद पुढे आहे. या वळणाचं वर्णन असं होतं की भारताने भाबडा आदर्शवाद सोडला आणि तो हस्तक्षेप न करण्याच्या जुन्या धोरणाकडे परतला. पहिला भाग खुशाल मान्य करा. दुसरा साफ खोटा आहे. भारत परतला असता तर त्याने दोन्ही हात बाजूला ठेवले असते. तसं झालं नाही. नौदलाच्या वापराची विमानं गेली, तोफा गेल्या, २०२० साली आपली 'सिंधुवीर' पाणबुडी म्यानमारच्या नौदलात नव्या नावाने दाखल झाली. १९८८ साली भारत लोकांच्या बाजूने झुकला होता, १९९३ नंतर तो सेनापतींच्या बाजूने झुकला. बाजू बदलली, ढवळाढवळ तशीच राहिली. फक्त या दुसऱ्या ढवळाढवळीला आपण अलिप्तता म्हणू लागलो, आणि तीस वर्षं म्हणत राहिल्याने आता तीच मूळची वाटते.

सप्टेंबर २००७ मध्ये हे लख्ख दिसलं. इंधनाचे भाव भडकल्यावर हजारो भिक्खू अनवाणी यांगूनच्या रस्त्यांवर चालत होते. नेमक्या त्याच दिवसांत आपले पेट्रोलियममंत्री, दक्षिण मुंबईतून अनेकदा निवडून गेलेले मुरली देवरा, म्यानमारमध्ये खोल समुद्रातल्या तीन वायुक्षेत्रांच्या करारावर सह्या होताना उपस्थित होते. दोनच दिवसांनी भिक्खूंवर लाठ्या आणि गोळ्या चालल्या. कराराची बोलणी आधीपासून चालू असतील. पण त्या आठवड्यात तो समारंभ पुढे ढकलणं कुठल्याही मंत्र्याला शक्य होतं.

२०२१ चं संचलन याच वाटेवरचं आहे. मार्चमध्येच केंद्राने ईशान्येच्या राज्यांना निर्वासितांना रोखायला कळवलं. मिझोरामचे मुख्यमंत्री झोरामथांगा यांनी पंतप्रधानांना लिहिलं की हे मिझोरामला मान्य होणार नाही, पलीकडचे चिन लोक आमचेच रक्ताचे आहेत. मणिपूर सरकारने तर निर्वासितांच्या जेवणाखाण्यासाठी छावण्या उघडू नका असा आदेश काढला, आणि ओरड झाल्यावर तो मागे घेतला. मिझोरामने मात्र पुढे तीस हजारांहून अधिक माणसं सांभाळली. गावच्या चर्चने आणि यंग मिझो असोसिएशनच्या पोरांनी तांदूळ गोळा केले. पंचशीलाची चाड कुठे शिल्लक होती ते मला त्या तांदळात दिसतं.

यावर लिबियाचा दाखला दिला जातो. तो मी टाळणार नाही. १७ मार्च २०११ च्या ठरावाने नागरिकांचं रक्षण करायला परवानगी दिली आणि तिचा वापर राजवट उलथवण्यासाठी झाला. देश मोडला. भारत तेव्हा तटस्थ राहिला, ते योग्यच होतं. पण लिबिया तत्त्वाच्या पहिल्या बाजूची साक्ष देतो. बाँब टाकू नका एवढं त्यातून सिद्ध होतं. बाँब विका असं सिद्ध होत नाही.

दुसरा आक्षेप चीनचा. आपण हात काढला तर चीन जागा घेईल. चीनने ती कधीच घेतली आहे, आणि तो एकाच वेळी लष्कराशीही बोलतो आणि सीमेवरच्या सशस्त्र गटांशीही. आपण सगळी भिस्त सेनापतींवर ठेवली. कोलकात्याहून सित्वे बंदर आणि तिथून नदीने व रस्त्याने मिझोराम, अशी कलादानची वाट आपण त्यांच्याच भरवशावर आखली. जानेवारी २०२४ मध्ये त्या वाटेवरचं पालेतवा आराकान आर्मी या सशस्त्र गटाने जिंकलं. राहिलेला रस्ता बांधायचा तर आता त्याच्याशी बोलणं भाग आहे. वास्तववाद म्हणून जे खपवलं गेलं, त्याला वास्तवाने दिलेलं हे उत्तर आहे.

मग करायचं काय? संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक टॉम अँड्र्यूज यांनी २०२३ साली म्यानमारच्या लष्कराकडे गेलेल्या शस्त्रांचा आणि शस्त्रोपयोगी मालाचा हिशेब मांडला. लष्करी उठावानंतरच्या काळातला हा आकडा साधारण १०० कोटी डॉलर होता. रशियातून ४०.६ कोटी, चीनमधून २६.७ कोटी, सिंगापूरमधून २५.४ कोटी, भारतातून ५.१ कोटी. भारतातल्या पुरवठादारांत सरकारी मालकीच्या कंपन्याही होत्या. अहवाल आल्यावर सिंगापूर सरकारने आपल्या हद्दीतल्या कंपन्यांची चौकशी लावली. त्यांच्या नंतरच्या एका अहवालात नोंद आहे की तिथून जाणारा माल वर्षाला ११ कोटी डॉलरवरून जेमतेम १ कोटीवर आला. सिंगापूरने कुठे सैनिक पाठवला नाही, कुणाला मान्यता दिली नाही, म्यानमारशी व्यापारही तोडला नाही. आपल्या ५.१ कोटींतला कुठला माल कुणाच्या परवानगीने गेला आणि अजून जातो का, हे कुणीही खासदार लेखी प्रश्न टाकून सरकारला विचारू शकतो.