वाढत्या मापाचे

आमच्या परतुरात पोरे विहिरीत पोहायला शिकतात ती पाठीला वाळका भोपळा बांधून. भोपळ्याला माप लागत नाही. पण आमच्या चिरंजीवांनी हट्ट धरला तो फिन्सचा. म्हणजे पायात घालायचे बदकछाप रबरी पंजे; लुई द कॉर्लिय नावाच्या फ्रेंच गृहस्थाने १९३३ साली त्यांचे पेटंट घेतले.

मी पडलो बँकेतला कारकून. दोन नंबर मोठे घेतले, टाचेशी फडके कोंबले. चौथ्या लाथेला डावा पंजा तळाला गेला आणि चिरंजीव एका पायावर गोल गोल फिरू लागले. भोपळा होता म्हणून निभावले!

पंजा सैल असला तर निसटतो, आवळला तर पायात गोळा येतो.

“बाबा, आजच्या पायाचे घ्या ना!”

मी गप्प. मोठा साहेब होईन म्हणून वडिलांनी मला कॉमर्सला घातले. त्या मोठ्या मापात कागद कोंबून मी अजून काउंटरवर बसतो आहे. आपण मुलाच्या उद्याची काळजी करतो, की आपलेच पैसे वाचवतो?

रात्री कागदावर त्याचा पाय ठेवून पेन्सिलीने आखला. इतका लहान असेल असे वाटले नव्हते.